कार्प माशाचं नाव

डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ हवी,
तर म्हणे आधी खातं उघडा.
ही मुंगीएवढी अक्षरं दिसत असती
तर दवाखाना हवा होता कशाला?

पहिला रकाना : नाव.
लिहिलं. व्येस्वावा.
लाल शाईत उत्तर आलं, अवैध अक्षर.
अडुसष्ट वर्षं वापरतेय.
बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, पगारपत्रकात आहे,
तेओफिलच्या थडग्यावर त्याच्या शेजारी कोरून ठेवलंय,
फक्त शेवटची तारीख भरायची बाकी.
दगडाला चाललं. यांना चालत नाही.

शहर : वूच.
तेही अवैध.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ नाव, होडी.
समुद्र कुठल्या कुठे,
होत्या त्या नद्याही गिरण्यांखाली गाडल्या,
पण नाव आपली आहे.
पहिल्या अक्षराच्या पोटातून एक तिरकी रेघ जाते.
शाळेत बाई म्हणायच्या, हे वल्हं, विसरायचं नाही.
आज वल्हं काढून ठेवलं
तेव्हा कुठे नाव पुढे सरकली.

पासवर्ड.
एक अक्षर मोठं, एक अंक, एक चिन्ह.
मी डेपोतला बिल्ला नंबर टाकला.
कमकुवत.
पुढे नवऱ्याचं नाव जोडलं.
मध्यम. (बरोबर आहे. मध्यमच होता.)
रागारागाने उद्गारचिन्ह ठोकलं,
तर सशक्त!
आता तेच पुन्हा लिहा.
ठिपक्यांच्या पडद्याआड काय लिहितेय ते मलाच दिसेना.
जुळलं नाही. पहिले पाढे पंचावन्न.

मग नऊ चित्रं.
तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा,
सिग्नल असलेले चौकोन निवडा.
अरे बाळा,
एकतीस वर्षं अकरा नंबरची ट्राम चालवली मी,
हिमात, धुक्यात, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी.
त्या दिव्यांशी जेवढं बोलले
तेवढं घरात कुणाशी बोलले नसेन.
खांब धरायचा का?
पिवळ्या दिव्याची कड शेजारच्या चौकोनात
नखभर शिरलीय, तिचं काय?
धरली. चूक.
सोडली. चूक.
मी यंत्र असल्याचा संशय बळावला.

शेवटी सुरक्षेचा प्रश्न.
तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?

कुत्रा नव्हता. मांजर शेजाऱ्यांचं.
पण मी सात वर्षांची असताना
नाताळच्या जेवणासाठी आणलेला कार्प
चार दिवस आमच्या न्हाणीतल्या टबात होता.
सगळ्यांच्या आंघोळी बंद.
मी काठावर बसून त्याला पावाचा चुरा घालायचे,
तो तोंड उघडायचा, मिटायचा,
जणू काही सांगायचं राहून जातंय.
भावाने त्याचं नाव ठेवलं होतं.
काय ठेवलं होतं?

बोगुमिऊ ग्दान्स्कला असतो.
आईच्या घराची वाटणी झाली त्याला सहा वर्षं,
तेव्हापासून कार्डापलीकडे बोलणं नाही.
त्याने फोन उचलला.
मी म्हटलं, माशाचं नाव काय होतं रे?
पलीकडे नुसता श्वास.
मग म्हणाला,
"कॅप्टन. तू जेवली नव्हतीस त्या रात्री.
तुझा तुकडा मी खाल्ला,
आणि नंतर सगळा ओकलो.
सांगायचं राहिलं."

पाऊण तास बोललो,
वाटणी सोडून सगळं.

फोन ठेवला तर समोर पाटी :
निष्क्रियतेमुळे आपले सत्र संपले आहे.

निष्क्रियता म्हणे.

पहिला रकाना : नाव.
मी चष्मा झग्याला पुसला
आणि या वेळी
वल्ह्यासकट लिहिलं.